पिसू आणि गोचीड : नावे, समजुती आणि निवारण

पाळलेला कुत्रा वरचेवर अंग खाजवू लागला किंवा मांजर पाठीचा एकच भाग सारखा चाटू लागले, म्हणजे मराठी घरात बहुधा एकच वाक्य उच्चारले जाते : 'त्याला पिसवा झाल्या आहेत.' वाक्य साधे आहे, आणि ते बोलणाऱ्याला त्यात काही विशेष सांगितल्यासारखे वाटत नाही. तथापि त्या तीन-चार शब्दांत उपद्रवाचे कारण, त्याचे स्थान आणि त्यावरील उपाय या तिन्हींविषयीची एक संपूर्ण समजूत सामावलेली आहे. ती समजूत अंशतः खरी व अंशतः भ्रामक आहे. तिच्यातील भ्रामक भागामुळे औषधावर केलेला खर्च वाया जातो, उपद्रव महिनोन्महिने टिकून राहतो, आणि क्वचित प्रसंगी ज्या प्राण्याच्या रक्षणासाठी उपाय योजावयाचा, त्याचाच जीव जातो.

पाळीव प्राण्यांचे पिसवा व गोचिडांपासून रक्षण कसे करावे, हा प्रश्न मुख्यतः पशुवैद्यकाचा आहे. परंतु पशुवैद्याकडे जाण्यापूर्वी प्रत्येक घर त्या प्रश्नाचा काही एक उलगडा स्वतःच्या भाषेत करून ठेवते, आणि पुष्कळदा त्या उलगड्यावरच थांबते. म्हणून या जीवांची मराठीतील नावे व त्यांच्याविषयी बोलण्याची रीत यांचा विचार निवारणाच्या दृष्टीनेही निरुपयोगी नाही. प्रस्तुत लेखात तो विचार जीवशास्त्राच्या आजच्या ज्ञानाशी ताडून पाहावयाचा आहे.

१. चार नावे

प्राण्यांच्या अंगावर राहून रक्त पिणाऱ्या जीवांसाठी मराठीत ऊ, लीख, पिसू आणि गोचीड ही चार नावे सर्वत्र रूढ आहेत. पैकी ऊ व लीख यांचा उगम स्पष्ट आहे. संस्कृत 'यूका' पासून 'ऊ' आणि 'लिक्षा' पासून 'लीख' हे शब्द प्राकृतांच्या द्वारे मराठीत आले. 'पिसू' हा शब्द, तसाच हिंदीतील 'पिस्सू', वैदिक 'प्लुषि' या शब्दाशी जोडला जातो. परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या नेहमीच्या नियमांनी ती वाट सरळ जुळत नाही. 'प्लुषि' हा शब्द ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील विषघ्न सूक्तात आढळतो, आणि बृहदारण्यक उपनिषदात प्राणाचे सर्वांशी असलेले साम्य सांगताना मशक व हत्ती यांच्याबरोबर त्याचा उल्लेख होतो. लॅटिन 'पूलेक्स', ग्रीक 'प्सिल्ला', लिथुएनियन 'ब्लुसा', आर्मेनियन 'लू' ही त्याचीच भावंडे मानली जातात. या शब्दांत वर्ण तेच असून त्यांचा क्रम मात्र प्रत्येक भाषेत विस्कटलेला दिसतो. नकोशा जीवाचे नाव जसेच्या तसे घेऊ नये या भावनेने ते मुद्दाम मोडले गेले असावे, असे अनुमान तुलनात्मक भाषाशास्त्रात केले जाते.

रूपविचाराच्या दृष्टीने पाहता 'पिसू' हा शब्द मराठीच्या जुन्या घरगुती शब्दांच्या पंक्तीत बसतो. सासू-सासवा, जाऊ-जावा, जळू-जळवा, ऊ-उवा, त्याप्रमाणेच पिसू-पिसवा. उलट 'वस्तू' हा तत्सम शब्द किंवा 'बाजू' हा परका शब्द अनेकवचनी बदलत नाही. म्हणजे हा जीव मराठी घराला नवा नाही. त्याचे व्याकरणसुद्धा सासू-जावांचेच आहे.

ही चार नावे एकत्र ठेवून पाहिल्यास एक गोष्ट विशेषत्वाने नजरेस येते. उवेच्या अंड्याला मराठीत 'लीख' हे स्वतंत्र नाव आहे. पिसवेच्या अंड्याला मात्र कोणतेही नाव नाही. ही उणीव योगायोगाची नव्हे. ऊ आपले अंडे केसाला डिंकासारख्या द्रवाने चिकटवते. ते तेथेच राहते, दिसते, आणि नखाने ओढून काढावे लागते. जे दिसते व ज्यासाठी हात हलवावा लागतो, त्याला भाषा नाव देते. पिसवेचे अंडे गुळगुळीत असते. ती ते प्राण्याच्या केसांत घालते खरे, पण काही तासांतच ते घरंगळून जमिनीवर पडते. अर्ध्या मिलिमीटर लांबीचा तो पांढुरका कण सतरंजीच्या धाग्यांत किंवा फरशीच्या भेगेत दिसेनासा होतो. जे कोणी पाहिले नाही त्याला नाव मिळाले नाही. आणि ज्याला नाव नाही त्याचा निवारणाच्या वेळी विचारही झाला नाही. पिसवांच्या उपद्रवाचे सारे मर्म या अनामिक अंड्यात आहे.

२. 'होणे' आणि 'लागणे'

'कुत्र्याला पिसवा झाल्या' या वाक्याची घडण 'मुलाला गोवर झाला', 'त्याला जंत झाले' या वाक्यांसारखी आहे. प्राणी चतुर्थीत, उपद्रव कर्तृस्थानी, आणि क्रियापद 'होणे'. या रचनेत बाहेरून कोणी आले असे सूचित होत नाही. जे झाले ते त्या शरीरातच उद्भवले असा भाव तीत असतो. 'काटा लागला', 'कुत्रा चावला', 'जळू चिकटली' या वाक्यांत बाहेरचा कर्ता स्पष्ट दिसतो. पिसवांच्या वाक्यात तो दिसत नाही.

या रचनेमागे एक जुनी उपपत्ती उभी आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात ऊ, माशी व ढेकूण यांची गणना स्वेदज, म्हणजे घाम व उष्मा यांपासून उत्पन्न होणाऱ्या जीवांत केली आहे. चरकसंहितेत यूका हा शरीराबाहेरील मळापासून होणारा कृमी मानलेला आहे. ही कल्पना केवळ भारतीय होती असे नाही. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून तीच चालत आली होती. इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने १६६८ मध्ये मांसातील अळ्या माशीच्या अंड्यांपासून होतात हे प्रयोगाने दाखविले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस लीउवेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली पिसवेचे अंडे, अळी व कोश पाहून तिचे जीवनचक्र वर्णन केले, तेव्हा ही उपपत्ती ढासळू लागली. शास्त्रातून ती गेली; परंतु 'घाणीमुळे पिसवा होतात' या घरगुती वाक्यात ती अद्याप टिकून आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. व्याकरणाची रचना म्हणजे बोलणाऱ्याचा सिद्धान्त नव्हे. 'सूर्य उगवला' म्हणणारा मनुष्य पृथ्वी स्थिर आहे असे मानतोच असे नाही. गोवर 'झाला' म्हणणाऱ्या मातेला तो दुसऱ्या मुलाकडून आला हे ठाऊक असते. भाषा विचाराला बांधून टाकते असा दावा या उदाहरणांवरून करता येणार नाही. मात्र जेथे ज्ञान पोहोचलेले नाही, तेथे रिकामी जागा भाषेच्या सवयीने भरून निघते, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नाही. गोवराबद्दलचे ज्ञान घरोघर पोहोचले आहे. पिसवेच्या जीवनचक्राचे पोहोचलेले नाही.

ते चक्र असे आहे. कुत्रा व मांजर या दोहोंवर जगाच्या बहुतेक भागांत जी पिसू आढळते, तिचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलाइडिस फेलिस, म्हणजे 'मांजराची' पिसू असे आहे. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावर तितकीच सुखाने नांदते. प्रौढ मादी प्राण्याच्या अंगावर चढली, की थोड्याच वेळात रक्त पिऊ लागते, आणि एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असता ती दिवसाला चाळीस ते पन्नास अंडी घालते. अंडी खाली पडतात, आणि जेथे प्राणी निजतो तेथे त्यांचा साठा होतो. काही दिवसांत त्यांतून बारीक, पाय नसलेल्या अळ्या निघतात. त्या उजेड टाळतात, गालिच्याच्या मुळाशी किंवा भेगांत शिरतात, आणि प्रौढ पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर, म्हणजे वस्तुतः न पचलेल्या रक्तावर, वाढतात. पुढे अळी रेशमासारखा कोश विणते. त्याला धूळ व वाळूचे कण चिकटल्याने तो ओळखू येत नाही. अनुकूल हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. परंतु कोशातील पिसू घाई करीत नाही. बाहेर भक्ष्य नसेल तर ती कित्येक महिने आत थांबते. आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब व श्वासातील कर्बवायू यांची चाहूल लागताच बाहेर पडते. बंद घर दोन महिन्यांनी उघडताच पायांवर पिसवा उड्या मारू लागतात, याचे कारण हेच.

कोणत्याही वेळी घरात पिसवांची जी एकूण संख्या असते, तीपैकी प्रौढ पिसवांचा वाटा सुमारे ५ टक्के धरला जातो. उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या व कोश या रूपांनी घरात पसरलेल्या असतात. म्हणून 'कुत्र्याच्या पिसवा' या षष्ठीपेक्षा 'घराच्या पिसवा' ही षष्ठी अधिक यथार्थ होय. कुत्र्याला आंघोळ घातली, पावडर लावली, दोन दिवस तो शांत झाला, आणि आठवड्याने पुन्हा खाजवू लागला, म्हणजे 'औषध खोटे निघाले' असा निष्कर्ष काढला जातो. औषधाने पाच टक्क्यांवर काम केलेले असते. पंचाण्णव टक्क्यांना कोणी हातही लावलेला नसतो.

यावरून उपाय आपोआप निघतो. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी, प्रत्येकाला योग्य असलेले औषध, ठरलेल्या अंतराने, निदान तीन महिने चालू ठेवावयाचे. त्यांचे अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावयाचे. गालिचे, पलंगाखालची जागा, सोफ्याच्या फटी, फरशीच्या भेगा झाडून किंवा निर्वात यंत्राने साफ करून तो कचरा लागलीच घराबाहेर टाकावयाचा. यंत्राच्या हादऱ्याने कोशातील पिसवा बाहेर पडतात, हाही त्याचा एक लाभ होय. या काळात मधूनमधून नव्या पिसवा दिसल्या तरी धीर सोडावयाचा नाही. त्या जुन्या कोशांतून निघालेल्या असतात.

उपद्रव पिसवांचाच आहे की नाही, हे ताडण्याची सोपी रीत आहे. दाट फणीने प्राण्याच्या कमरेजवळचे केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. साधी धूळ काळीच राहते. पिसवेच्या विष्ठेभोवती तांबूस डाग पसरतो. काही प्राण्यांना पिसवेच्या लाळेचे वावडे असते, आणि चार-दोन पिसवांच्या दंशानेही त्यांची कातडी सोलवटून निघते. अशा प्राण्यावर पिसू दिसली नाही म्हणून ती नाहीच असे समजू नये. 'जंत झाले' या वाक्याचाही येथे संबंध येतो. कुत्र्या-मांजरांतील एका चपट्या कृमीची अंडी पिसवेची अळी गिळते, पुढे अंग चाटताना प्राणी ती पिसू गिळतो, आणि त्याच्या आतड्यात कृमी वाढतो. गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. अन्यथा जंत पुन्हा 'होतात'.

३. गोचीड : गोठ्यातून घरात

'गोचीड' या शब्दाच्या आरंभी 'गो' उघड दिसतो. शब्दाचे घर गोठा आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात, गाईच्या कातडीआड गोड दूध असता ते सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त आला आहे. तेराव्या शतकातील तो दृष्टान्त निरीक्षणाच्या दृष्टीनेही अचूक आहे. कासेची पातळ, उबदार कातडी ही गोचिडाची आवडती जागा होय. 'गोचिडासारखा चिकटला' हा वाक्प्रचारही त्याच अनुभवातून आला.

परंतु नावातील गाय कुत्रा पाळणाऱ्या शहरी कुटुंबाची दिशाभूल करते. गोचीड म्हणजे गुरांचा, रानातला, गवतातला जीव. तिसऱ्या मजल्यावरील घरात तो कोठून येणार, असा तर्क केला जातो. कुत्र्यावर भारतात सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड राइपिसेफॅलस सँग्विनियस या नावाने ओळखला जातो. अलीकडील वर्गीकरणात उष्ण प्रदेशातील वाणाला राइपिसेफॅलस लिनेइ असे वेगळे नाव देण्यात आले आहे. हा गोचीड गवतावर अवलंबून नाही. गोचिडांच्या बहुतेक जातींना जमत नाही ते याला जमते : आपले संपूर्ण आयुष्य तो घराच्या चार भिंतींत काढू शकतो. अंड्यातून निघालेला सहा पायांचा पिल्लू-गोचीड कुत्र्यावर चढतो, रक्त पितो, गळून पडतो, कात टाकून आठ पायांचा होतो. पुन्हा चढतो, पुन्हा गळतो. प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढतो. रक्ताने टम्म फुगलेली मादी शेवटी खाली उतरून एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. या जातीला वर चढण्याची ओढ असल्याने तिचा शोध जमिनीपेक्षा भिंतीच्या चिरा, चौकटी, पडद्यांच्या घड्या व छताचे कोपरे येथे घ्यावा लागतो. रक्तावाचून प्रौढ गोचीड कित्येक महिने तग धरतो.

गोचीड हा कीटक नाही. तो कोळी व विंचू यांच्या वर्गातला आहे. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. कीटकांच्या वाढीवर चालणारी काही औषधे पिसवांची अंडी निकामी करतात, पण गोचिडाला त्यांची बाधा होत नाही. 'किडे मारण्याचे औषध' या मोघम शब्दाने मागितलेले औषध पिसवांवर चालले, तरी ते गोचिडांवर चालेलच असे नाही. चार नावांचा जुना भेद येथे उपयोगी पडतो. तो सोडून सर्वांना 'किडे' म्हटल्याने शास्त्र सोपे होत नाही, फक्त चूक सोपी होते.

गोचिडाचा दंश स्वतःहून फारसा दुखत नाही. भय असते ते त्याच्या लाळेतून उतरणाऱ्या रोगजंतूंचे. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया कॅनिस हा जंतू सोडतो. त्याने ताप येतो, अन्न जात नाही, रक्तबिंबिका घटतात, आणि प्रसंगी नाकातून रक्त वाहते. बाबेसिया या सूक्ष्मजीवाने तांबड्या पेशी फुटून हिरड्या पांढऱ्या पडतात. या सूक्ष्मजीवाची बाबेसिया गिब्सोनाय ही जाती प्रथम भारतातच आढळली; मद्रास येथील शिकारी कुत्र्यांच्या रक्तातून पॅटन याने १९१० मध्ये तिचे वर्णन केले. या रोगांवर उपचार आहेत, पण ते वेळेवर झाले तरच गुण येतो. गोचीड दिसल्यानंतरच्या दिवसांत कुत्रा मलूल झाला, तर 'ऊन लागले असेल' म्हणून वाट पाहू नये.

चिकटलेला गोचीड काढण्याची रीत एकच आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी जवळ, तोंडाशी धरावयाचे आणि सावकाश, सरळ, न पिळता ओढावयाचे. त्यावर रॉकेल, तेल किंवा चुना लावणे, उदबत्तीने चटका देणे, हे प्रकार टाळावेत. त्रासलेला गोचीड सुटण्यापूर्वी अधिकच लाळ आत सोडण्याचा संभव असतो, आणि कातडीला इजा होते ती वेगळीच. बोटांनी चिरडूनही तो मारू नये. त्याच्या अंगातील रक्तात जंतू असू शकतात. मद्यार्कात बुडवून त्याचा नाश करावा, दंशाची जागा व हात साबणाने धुवावेत. कुत्रा बाहेरून फिरून आला, की कानांच्या आत-बाहेर, मानेखाली, काखांत व पायाच्या बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहणे, ही पाच मिनिटांची सवय पुष्कळ अनर्थ टाळते.

४. दोष कोणाचा

रोगाला जे नाव पडते, त्यावरून लोक दोषी ठरवितात. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप आला, तेव्हा घरात 'उंदीर पडणे' हीच साथीची खूण मानली गेली, आणि ती खरीही होती. परंतु मेलेल्या उंदरापासून माणसापर्यंतचा दुवा या शब्दांत नव्हता. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखवून दिले, की थंडगार पडलेला उंदीर सोडून जाणारी पिसू हाच तो दुवा होय.

माकडतापाची कथाही अशीच आहे. १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात हा रोग ओळखला गेला, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधला. माकडे मरून पडत, म्हणून कन्नडात व मराठीत त्याला माकडाचे नाव मिळाले. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये व सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याचे रुग्ण आढळले. माकड येथे माणसासारखेच बळी आहे. विषाणू वाहून नेतो तो हिमाफायसॅलिस या कुळातील रानगोचीड. नावात माकड राहिले, गोचीड राहिला नाही. त्यामुळे माकडाची भीती वाढते, आणि जंगलातून आल्यावर अंग व कपडे तपासण्याची सवय मात्र लागत नाही. घरातील कुत्र्याच्या तपकिरी गोचिडाचा या रोगाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण नाव कसे फसवते याचा हा बोलका दाखला आहे.

५. 'जनावरांचे औषध'

आता सर्वांत गंभीर शब्दाकडे वळावयाचे. 'जनावर' हा शब्द मराठीत फार विस्तृत आहे. बैल, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर ही सर्व जनावरे. ग्रामीण बोलीत रात्री सापाचे नाव टाळून त्यालाही 'जनावर' म्हणतात. या एका शब्दाच्या छत्राखाली औषधेही एकत्र येतात. गुरांच्या गोचिडांवर आणलेली बाटली घरात असते. ती 'जनावरांची' आहे, मांजरही जनावरच आहे, तेव्हा थोडे पाणी अधिक घालून तिलाही लावले जाते. कुत्र्याचे औषध मांजराला लावताना तर तेवढाही विचार होत नाही.

पायरेथ्रॉइड गटातील परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही द्रव्ये गुरांवर आणि, योग्य मात्रेत, कुत्र्यांवर वापरली जातात. कुत्र्याच्या पाठीवर टाकावयाच्या काही थेंबांत परमेथ्रिनचे प्रमाण पुष्कळ असते. कुत्र्याचे यकृत या द्रव्याचे विघटन करून ते बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी एक रासायनिक क्रिया अत्यंत दुर्बल असते; शिवाय मांजर अंग चाटून ते द्रव्य पोटातही घेते. परिणामी काही तासांत कान व कातडी थरथरू लागते, चालताना तोल जातो, झटके येतात, आणि उपचार न मिळाल्यास मांजर दगावते. औषध लावलेल्या कुत्र्याच्या अंगाला बिलगून निजलेल्या मांजरालाही अशी बाधा झालेली आहे. चुकून असे झाले, तर वाट न पाहता मांजराला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावयाचे आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावयाचे.

गोचिडांवर पाण्यात मिसळून लावावयाचे अमिट्राझ हे औषधही मांजरासाठी वर्ज्य आहे. फिप्रोनिल कुत्र्या-मांजरांना चालते, पण सशाला घातक ठरते. फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर, सारोलॅनर व लोटिलॅनर ही नव्या गटातील द्रव्ये पिसू व गोचीड दोहोंवर प्रभावी आहेत, आणि बहुतेक प्राण्यांना ती सोसतात. तथापि काही प्राण्यांत कंप व झटके आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्यांबाबत इशारा दिला. ज्या प्राण्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्याविषयी हे वैद्याला आधी सांगितले पाहिजे.

'घरगुती उपाय' हा शब्दही असाच निर्धास्त करणारा आहे. रॉकेलाने कातडी भाजते व चाटल्यास विषबाधा होते. फिनेलमधील द्रव्ये मांजराला बाधतात. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिन आणि डांबराच्या गोळ्या विषारीच आहेत. लसूण खाऊ घातल्याने पिसवा जात नाहीत, पण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींना इजा होते. कडुनिंबाच्या पाल्यावर लोकांची श्रद्धा मोठी आहे. परंतु वर वर्णिलेले कोशाचे चक्र मोडण्यास तो पुरा पडत नाही. साध्या पाण्याची, फणीची व झाडूची योग्यता या सर्वांहून अधिक आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसेल की मराठीचे जुने शब्दभांडार या विषयात दरिद्री नाही. ऊ, लीख, पिसू, गोचीड हे भेद तिने शतकानुशतके जपले आहेत. उणीव आहे ती तीन ठिकाणी. पहिली, जे डोळ्यांना दिसत नाही त्या अंड्या-कोशांना भाषेत जागा नाही. दुसरी, 'होणे' या क्रियापदामुळे उपद्रव प्राण्याच्या अंगापुरता भासतो. तिसरी, 'जनावर' व 'औषध' या सैल शब्दांमुळे एका प्राण्याचा उतारा दुसऱ्याचे विष होतो.

या उणिवा भरून काढण्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची आवश्यकता नाही. पशुवैद्यकीय पत्रके, औषधांवरील मराठी सूचना व शाळांतील पाठ लिहिणारांनी काही साधी पथ्ये पाळली तरी पुरे. 'कीटक' असे मोघम न लिहिता पिसू की गोचीड ते लिहावे. 'प्राण्यांना लावा' असे न लिहिता कोणत्या प्राण्याला, किती वजनाला व किती वयानंतर, ते लिहावे; आणि कुत्र्याच्या औषधावर 'मांजराला लावू नये' हे वाक्य मोठ्या, काळ्या अक्षरांत, मराठीत असावे. 'पिसवा झाल्यास' या ऐवजी 'घरात पिसवा आढळल्यास' असे म्हणावे. त्या एका सप्तमीने वाचकाची नजर कुत्र्यावरून त्याच्या अंथरुणाकडे वळेल. अशा सूचनांचे मराठी लिहिण्याचे काम बहुधा इंग्रजी मजकुराचे घाईघाईने केलेले भाषांतर म्हणून उरकले जाते. भाषेचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे एक प्रत्यक्ष कार्यक्षेत्र मोकळे आहे. त्या सूचना ज्यांच्यासाठी लिहावयाच्या ते प्राणी त्या वाचू शकत नाहीत. म्हणूनच त्या वाचणाऱ्या माणसाला एकाच वाचनात आणि नेमक्या अर्थाने कळल्या पाहिजेत.